१२ जीबी की ८ जीबी? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे वाचा

मुलांच्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायला भिलाईच्या सिविक सेंटरला निघालात? मग एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० या दोन कार्डांमधला फरक आधी समजून घ्या.

२०२१ च्या ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, तर २०२३ च्या ४०६० मध्ये ८ जीबी. "मग जुनंच भारी की!" असं वाटेल. पण मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा मोठा असला म्हणून भाजी लवकर शिजत नाही. त्यासाठी आच लागते.

ही आच ४०६० मध्ये जास्त आहे. फुल एचडी स्क्रीनवर बहुतेक गेम त्यावर अधिक वेगाने चालतात. शिवाय मधल्या फ्रेम स्वतः तयार करण्याची एनव्हिडियाची स्वतःची 'फ्रेम जनरेशन' सोय या दोघांपैकी फक्त ४०६० मध्ये आहे. विजेची कमाल गरजही १७० ऐवजी ११५ वॅट. रोज चार तास पूर्ण ताकदीने वापरलं, तर महिन्याला सुमारे साडेसहा युनिट वाचतात.

मात्र घरात कुणी ब्लेंडरवर मोठे थ्रीडी सीन किंवा एआय मॉडेल चालवत असेल, तर ८ जीबीचा ओटा अपुरा पडू शकतो. तिथे ३०६० कामाला येतं. पण बॉक्सवर '१२ जीबी' लिहिलंय ना, ते नक्की पाहा. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही मिळतं आणि ते कमी वेगाचं असतं.

म्हणून दुकानदाराला किंमत विचारण्याआधी मुलांना विचारा, "यावर नक्की करणार काय?"