दहा हजार लुमेनचा टॉर्च दहा मिनिटांत मंद का होतो?

आमच्या गावाकडे टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या बॅटरीला ‘सेल’. या लेखात दोन्हींबद्दल बोलायचं आहे, म्हणून गोंधळ नको. मी टॉर्च आणि सेल हेच शब्द वापरतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या एका किल्ल्याखाली रात्रीच्या शोधकार्याला गेलो होतो. वाट चुकलेला एक मुलगा घळीच्या पलीकडच्या उतारावर कुठेतरी अडकलाय, एवढंच माहीत होतं. मोबाईल बंद. अंतर साधारण दोनशे मीटर. माझ्या हातात ऑनलाइन मागवलेला, खोक्यावर ‘१०,००० लुमेन’ छापलेला कोरा टॉर्च. लावला तर पायाजवळची कारवी लख्ख दिसली, पलीकडे मात्र नुसता अंधार. आठ-दहा मिनिटांत तो हातात धरवेना इतका तापला आणि आपोआप मंद झाला. शेजारी आमच्या टीममधले एक काका होते. त्यांचा टॉर्च ९०० लुमेनचा. त्यांनी तो उतारावरून हळूहळू फिरवला आणि तिसऱ्या फेरीत पिवळा रेनकोट दिसला. मुलगा सुखरूप वर आला. मी घरी येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे माझा टॉर्च उघडला.

लुमेन किती, हा अर्धाच प्रश्न

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे जातो, याबद्दल लुमेन काहीच सांगत नाही. फवारणीचा पंप आठवा. नोझल एका बाजूला फिरवला की तुषार उडतात, दुसऱ्या बाजूला फिरवला की सरळ धार जाते. पाणी तेवढंच. ही ‘धार’ मोजायचं एकक म्हणजे कॅन्डेला. एलईडीची चिप जितकी लहान आणि रिफ्लेक्टर जितका रुंद आणि खोल, तितका झोत घट्ट आणि कॅन्डेला जास्त. माझ्या टॉर्चमध्ये लहानशा डोक्यात बऱ्याच एलईडी दाटीवाटीने बसवलेल्या होत्या, म्हणजे सगळे तुषारच.

टॉर्च मोजायचं एक अमेरिकन मानक आहे, ‘एफएल १’. ते २००९ मध्ये आलं आणि चांगल्या कंपन्या त्यानुसारच आकडे छापतात. त्यात ‘झोताचं अंतर’ म्हणजे जिथे प्रकाश ०.२५ लक्स उरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकं. हिशोब सोपा आहे: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. अंतर दुप्पट, म्हणजे ४०० मीटर हवं असेल तर कॅन्डेला चौपट, ४०,००० लागतात.

पण चांदण्यात माणूस शोधता येतो का? म्हणून मी छापील अंतराचं निम्मंच खरं धरतो, कारण तिथे प्रकाश चौपट म्हणजे १ लक्स असतो. काकांचा टॉर्च ६०,००० कॅन्डेलाचा, म्हणजे कागदावर ४९० मीटर आणि कामाचे जवळपास २४५. दोनशे मीटरवरचा रेनकोट त्यामुळेच दिसला.

खोक्यावर कॅन्डेला नसेल तर घरी अंदाज घेता येतो. मोबाईलवर लक्स मोजणारं ॲप टाका, अंधारात ५ मीटरवरून झोताचा मधला भाग फोनच्या सेन्सरवर पाडा आणि आलेल्या आकड्याला २५ ने गुणा. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही, पण ६,००० आणि ६०,००० मधला फरक नक्की कळतो.

आता मंद का झाला ते

माझ्या टॉर्चमध्ये १८६५० आकाराचा एकच सेल होता (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी). या आकाराचा चांगला सेल साधारण ३,५०० एमएएचचा असतो. ३.६ व्होल्टने गुणलं की झाले १२.६ वॅट-तास. चांगली एलईडी जोरात चालवली तर एका वॅटला १०० लुमेनच्या आसपास देते. म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॅट हवेत आणि सेल साडेसात मिनिटांत रिकामा! तेही एवढा करंट त्या एका सेलला झेपला तर, आणि सहसा तो झेपत नाही. शिवाय त्या वीजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो. घरातली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, यावरून काय ते समजा.

खरे दहा हजार लुमेनचे टॉर्च बाजारात आहेत, पण त्यात तीन-चार सेल असतात, ते जड असतात आणि काही मिनिटांत तेसुद्धा उजेड कमी करतात. हा बिघाड नव्हे. एलईडी जळू नये म्हणून आतलं सर्किटच तसं करतं. म्हणून ‘किती वेळ’ हा आकडाही जपून वाचा. एफएल १ प्रमाणे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. ‘१,००० लुमेन, ३ तास’ याचा अर्थ पाच मिनिटं हजार आणि बाकी वेळ दोन-तीनशे, असाही असू शकतो. शक्य असेल तर वेळेनुसार उजेडाचा आलेख बघा. ड्युटीवर मला सलग चार तास टिकणारे ३०० लुमेन हे पाच मिनिटांच्या हजारांपेक्षा कधीही प्यारे.

माझ्या सेलवर तर ‘९९०० एमएएच’ छापलं होतं. या आकारात एवढी क्षमता मिळतच नाही. वजन केलं तर भरलं ३० ग्रॅम. अस्सल सेल ४५ च्या पुढे असतो. असे सेल नुसते फसवे नसतात, चार्जिंगला लावून झोपणं धोक्याचं असतं. सेल नावाजलेल्या कंपनीचाच घ्या, तोही ओळखीच्या दुकानातून.

कामानुसार गरज बदलते. वायरमनला लांबचा झोत नको, रंग ओळखू येणारा प्रकाश हवा. सीआरआय ९० च्या वर असेल तर लाल आणि तपकिरी वायर वेगळी दिसते. ७० वाल्या थंड पांढऱ्या उजेडात डोळे फसतात. धुक्यात काम करणाऱ्यांनी हेडलॅम्प काढून टॉर्च कमरेच्या उंचीला धरावा, नाहीतर धुक्यावरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. आणि ड्रेनेजचं चेंबर किंवा गॅसची जागा असेल तर साधा टॉर्च, कितीही महाग असो, नेऊच नका. स्विचची एक ठिणगी पुरते. तिथे स्फोटरोधक प्रमाणपत्र असलेलाच टॉर्च लागतो. अशा साधनांना मंजुरी देणारी केंद्र सरकारची ‘पेसो’ ही संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

माझ्या दहा हजारी टॉर्चमध्ये आता चांगला सेल टाकलाय. लाईट गेली की कमी मोडवर लावून, छताकडे तोंड करून टेबलावर उभा करतो. सगळी खोली छान उजळते.