ऐंशी रुपये पगार आणि सात ग्रॅम सोनं : साठच्या दशकातल्या स्वस्ताईचा हिशोब



आजच्या विषयाची सुरुवात एका यादीपासून करू या. तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर ती कधी ना कधी आलेली असणार. '१९६० साली सोनं शंभर-सव्वाशे रुपये तोळा, पोस्टकार्ड पाच पैसे, सिनेमा चार-आठ आण्यांत', आणि खाली एक मोठा उसासा, की गेले ते दिवस. या यादीतले आकडे बहुधा खोटे नसतात. पण यादीत एक आकडा कधीच नसतो, तो म्हणजे पगाराचा. भाव सगळ्यांच्या लक्षात राहिले, पगार मात्र विसरला गेला. त्यामुळे आपण तो एकच आकडा आधी शोधू, आणि तो हातात धरून साठ ते त्रेसष्ट या तीन-चार वर्षांतून फिरून येऊ.

केंद्र सरकारच्या दुसऱ्या वेतन आयोगाचा अहवाल १९५९ साली आला. सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याला, म्हणजे शिपायाला, किती मिळावेत? सत्तर रुपये मूळ पगार आणि दहा रुपये महागाई भत्ता. एकूण ऐंशी रुपये महिना. लक्षात घ्या, ही सरकारी नोकरी आहे, म्हणजे त्या काळी लोक जिच्यासाठी नवस बोलायचे ती. शेतमजूर, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका, यांचा हिशोब याच्याही खूप खाली.

आता हे ऐंशी रुपये आजचे किती? योगायोग बघा, कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, ज्याच्यावर आजही महागाई भत्ता ठरतो, त्याच्या एका मालिकेचं पायाभूत वर्ष १९६० हेच आहे. देशातली पन्नास औद्योगिक केंद्रं निवडली होती, त्यात आपली मुंबई, नागपूर आणि सोलापूर होती. तिथल्या कामगार कुटुंबांची १९५८-५९ मध्ये पाहणी झाली आणि १९६० बरोबर १०० धरलं. पुढे ही मालिका १९८२, मग २००१, मग २०१६ अशी बदलत गेली. जुन्या मालिकेतून नवीत जायचं असेल तर गुणायचे आकडे सरकारनेच दिलेले आहेत. ४.९३, ४.६३ आणि २.८८. तिन्हींचा गुणाकार करा, साधारण ६६ येतो. म्हणजे १९६० ते २०१६ या काळात भाव सहासष्ट पट झाले. त्यानंतरची वाढ धरली तर आज आपण नव्वद पटीच्या पुढे आहोत.

आणि पगार? सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून किमान पगार अठरा हजार केला. ऐंशीचे अठरा हजार म्हणजे दोनशे पंचवीस पट. भाव सहासष्ट पट आणि त्याच शिपायाचा पगार दोनशे पंचवीस पट. पोटभर खाण्याच्या भाषेत सांगायचं तर २०१६ चा शिपाई १९६० च्या शिपायापेक्षा तिपटीहून जास्त खरेदी करू शकत होता. मग स्वस्ताई कुठे होती?

इथे कुणीतरी म्हणेल, निर्देशांकात सगळं मावत नाही. बरोबर आहे. घरभाडं, शाळेची फी, दवाखाना या गोष्टी त्यात जशा जाणवायला हव्यात तशा जाणवत नाहीत, आणि शहरातल्या जागेच्या बाबतीत तर तो उसासा अगदी खरा आहे. पण त्या काळच्या कामगाराच्या खर्चात खाण्यापिण्याचाच वाटा साठ टक्क्यांच्या आसपास होता. आज त्याच निर्देशांकात तो चाळीसच्या आत आलाय. रुपयातले दहा आणे चुलीतच जायचे, उरलेल्या सहा आण्यांत बाकीचं सगळं. आणि धान्य तरी आपलं पुरत होतं का? मे १९६० मध्ये आपले मुंबईचे स. का. पाटील अन्नमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि पीएल-४८० खाली चार वर्षांच्या गव्हाचा करार करून आले. तो गहू रुपयांत मिळायचा, डॉलर मोजावे लागत नव्हते, म्हणून परवडला.

आता या जुन्या भावांची आणखी एक गंमत. ते नीट वाचताही येत नाहीत, कारण त्या वर्षांत नाणीही बदलत होती आणि वजनंही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर 'नवे पैसे' झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारी तक्ता निघाला. एक आण्याला सहा पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. आता करा हिशोब. एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस पैसे, एकदम घेतल्या तर पंचवीस! उलट तीन वस्तू एकदम घेतल्या की एक पैसा जास्त जाणार. आणि एका आण्याचे सरळ सात मागणारे दुकानदारही होतेच. हा काही विनोद नव्हता, ज्याला दिवसाला अडीच-पावणेतीन रुपये मिळतात त्याच्यासाठी. चवली, पावली, अधेली हे शब्द जिभेवर आणि हातात मात्र नवे पैसे, असं कित्येक वर्षं चाललं. 'नवा' हा शब्द नाण्यावरून १९६४ मध्ये गेला. 'चार आणे', 'आठ आणे' तर परवापरवापर्यंत आपण म्हणत होतो.

वजनांचं त्याहून अवघड. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून थोडा मोठा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी मापं बंद झाली. समजा एखादी डाळ दहा आणे शेर होती. म्हणजे साडेबासष्ट नवे पैसे. तीच डाळ, तोच भाव, किलोत मोजली की सदुसष्ट पैसे. बाजारातून आलेल्या बाईला वाटणार, बघता बघता पाच पैसे वाढले की! प्रत्यक्षात काहीच वाढलेलं नाही. आणि गावाकडे तर धान्य तोलायचे कुठे, ते मापाने द्यायचे. चिपटं, मापटं, शेर, पायली. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असं नाही. त्यामुळे कुणी सांगितलं की 'ज्वारी रुपयाला इतकी मिळायची', तर आधी विचारा, कुठल्या मापाने आणि कुठल्या गावात.

पोस्टकार्डाकडे वळू. पाच नवे पैसे, आंतर्देशीय पत्र दहा. आज साधं पोस्टकार्ड पन्नास पैशांचं आहे. फक्त दहा पट! बाकीचे भाव नव्वद पटीच्या पुढे गेले आणि पोस्टकार्ड दहा पटीवर थांबलं. म्हणजे त्या वेळचं पाच पैशांचं कार्ड आजच्या साडेचार-पावणेपाच रुपयांसारखं होतं. आता कळतं, जुन्या पत्रांत मजकूर संपला की लोक कडेने, उभं-आडवं, पत्त्याच्या रेघेला टेकेपर्यंत का लिहायचे.

आता करमणूक. लोक म्हणतात, करमणूक तेव्हा फुकट होती. मी म्हणते, फुकट नव्हती, वाटून घेतलेली होती. रेडिओ घ्यायचा तर दोन-तीनशे रुपये, म्हणजे आपल्या शिपायाचा तीन महिन्यांचा पगार. वर सरकारचा परवाना, वर्षाला पंधरा रुपये, पोस्टात जाऊन भरायचा. म्हणून एका घरात रेडिओ आणि अख्ख्या वाड्याचे कान तिथे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. सिनेमाची गाणी ऐकायला सिलोनला जावं लागायचं, याला कारणही एक मराठी माणूस. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांवर बंधनं घातली. हेतू शास्त्रीय संगीत वाढावं हा होता, पण श्रोता निघाला कोलंबोला! शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकर १९६२ पर्यंत मंत्री होते. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताला जे स्थान मिळालं ते मी कमी लेखत नाही, पण माणसाला काय आवडावं हे फर्मान काढून ठरत नसतं.

सिनेमाचं तिकीट शिपायालाही कधीमधी परवडायचं. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! दुसरं काही घरात नव्हतं, टीव्ही मुंबईत यायला १९७२ उजाडायचं होतं, म्हणून एकच चित्रपट लोक परत परत बघत. नाटकांचा मात्र तो बहराचा काळ. १९६१ मध्ये पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आली, १९६२ मध्ये कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते'. पण पुढच्या रांगेत आपला शिपाई बसलेला नसायचा, हेही खरं.

बातमीलाही किंमत होती. नानावटी खटला गाजला तेव्हा चार आण्यांचा 'ब्लिट्झ' दोन रुपयांना विकला जात होता. दोन रुपये म्हणजे शिपायाच्या दिवसाच्या कमाईतले बारा आणे. त्यामुळे वर्तमानपत्र एकाने घ्यायचं, दहाजणांनी वाचायचं. चित्रं बघायची तर सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची वृत्तफीत, तीही घटना घडून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं, आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. लोकांनी संरक्षण निधीला अंगावरचे दागिने काढून दिले.

आणि इथून आपण यादीतल्या पहिल्या ओळीवर येतो. सोनं. १९६० च्या सुमाराला दहा ग्रॅमला एकशे दहा रुपयांच्या आसपास भाव होता. आज तो लाखाच्या वर आहे. भाव नव्वद-पंच्याण्णव पट वाढले आणि सोनं हजार पटीच्या घरात! म्हणजे बाकी सगळ्या वस्तू सोडून नेमकी हीच वस्तू यादीत वर घातली, तर साठ साल स्वर्ग वाटणारच. शिपायाच्या ऐंशी रुपयांत तेव्हा सात ग्रॅमच्या थोडं वर सोनं यायचं. २०१६ च्या अठरा हजारांत जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅम. धान्याने मोजलं तर तिप्पट श्रीमंत, सोन्याने मोजलं तर किंचित गरीब. मोजपट्टी कुठली घेता, यावर सगळं आहे.

बरं, ते एकशे दहा रुपये तरी स्वस्त होते का? जागतिक भाव तेव्हा औंसाला पस्तीस डॉलर, आणि डॉलर चार रुपये शहात्तर पैशांना. हिशोब केला तर दहा ग्रॅमचे चौपन्न रुपये होतात. म्हणजे आपण दुनियेच्या दुप्पट दराने सोनं घेत होतो! साहजिकच चोरटी आयात जोरात चालली, आणि त्यात देशाचं परकीय चलन जात होतं. म्हणून युद्धानंतर लगेच, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. कागदावर हिशोब बरोबर होता. पण चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? आणि ते घडवणार तरी कोण? चौदा कॅरेटचं सोनं कडक, बावीस कॅरेटवर बसलेल्या हाताला ते वळत नाही. गिऱ्हाईक थांबलं. सराफाकडे निदान भांडवल होतं, सोनाराकडे फक्त हातोडी आणि बागेसरी. देशभर हजारो सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. चौदा कॅरेटची ती अट १९६६ मध्ये काढली गेली, सुवर्ण नियंत्रण कायदा तर १९९० पर्यंत राहिला. 'सोनं शंभर-सव्वाशे रुपये तोळा' ही ओळ जेव्हा पुन्हा तुमच्या मोबाइलवर येईल, तेव्हा त्या तोळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला हा सोनारही आठवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. घरात जुन्या हिशोबाच्या वह्या कुणाकडे असतील तर त्यातले आकडे जरूर सांगा, फक्त त्या वर्षीचा पगारही सोबत सांगा.