खेळातील फेरफार आणि संगणकाचे मोल

2006 च्या नोव्हेंबर महिन्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने 'क्रिकेट 07' नावाचा खेळ बाजारात आणला. तो घरातल्या साध्या संगणकावर चालत असे, तसाच दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या 'प्लेस्टेशन 2' या यंत्रावरही चालत असे. खेळ एकच, परंतु या दोन प्रतींचे पुढचे आयुष्य फार वेगळे झाले. 18 एप्रिल 2008 रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर इंडियन प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला. अर्थातच दीड वर्षापूर्वी निघालेल्या खेळात या स्पर्धेचा मागमूसही नव्हता. प्लेस्टेशनसाठी दुकानातून आणलेली तबकडी 2006 साली जशी होती तशीच राहिली. संगणकावरच्या प्रतीत मात्र बंगळूरचा संघ आला, मुंबईचा आला, चेन्नईचा आला; त्यांचे गणवेश आले, मैदाने आली, धावफलकाची नवी पट्टी आली. हे काम कंपनीने केलेले नव्हते. तिने तर 'क्रिकेट 07' नंतर क्रिकेटचा असा खेळ पुन्हा काढलाच नाही. हे सारे हौशी खेळाडूंनी, बहुतांशी विनामूल्य, रात्री जागून केले.

अशा कामाला या क्षेत्रात 'मॉड' म्हणतात. 'मॉडिफिकेशन' या इंग्रजी शब्दाचा तो संक्षेप आहे. मराठीत त्याला 'फेरफार' म्हणावयास हरकत नाही. 'क्रिकेट 07' च्या बाबतीत फेरफाराची गरज पहिल्या दिवसापासूनच होती. कंपनीकडे रीतसर परवाने होते ते इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या संघांचे. भारतीय खेळाडूंची नावे मोडतोड करून दिलेली होती आणि चेहरे कोणाचेही नव्हते. ज्या देशात हा खेळ सर्वांत आवडीने खेळला जाई, त्याच देशाचा संघ त्यात अनोळखी! तेव्हा हौशी लोकांनी प्रथम नावे सुधारली, मग गणवेश, मग चेहरे, बॅटी, खेळपट्टीचा रंग. समालोचनाचा आवाज मात्र मूळचाच राहिला. त्यामुळे रिची बेनॉ 2015 साली निवर्तले, तरी त्यांच्या परिचित आवाजातील समालोचन त्यानंतरच्या आयपीएल संघांच्या लढतींनाही लाभत राहिले. बंगळूरच्या संघाला प्रत्यक्ष मैदानावर हा चषक 2025 च्या जूनमध्ये मिळाला; पडद्यावर त्याने तो त्यापूर्वी किती वेळा जिंकला असेल, याची गणती कोण करणार?

हे शक्य का होते, हे समजून घेण्यासाठी खेळाची आंतररचना पाहावी लागते. खेळाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक त्याचे यंत्र: चेंडू कसा उसळावा, मोटार वळणावर कशी घसरावी, प्रकाश कोठून पडावा, हे ठरविणारी आज्ञावली. दुसरा भाग साहित्याचा: चित्रे, आकृत्या, आवाज, नकाशे, नावे. 1993 च्या डिसेंबरात 'डूम' हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी हे साहित्य मुद्दाम वेगळ्या संचिकांत ठेवले होते. मूळ यंत्राला हात न लावता कोणालाही नवा नकाशा घडविता यावा, हा त्यामागील हेतू. नाटक कंपनीने रंगमंच तोच ठेवून पडदे व पोशाख बदलावे, तसेच हे आहे. काही फेरफार मात्र पडद्यांवर थांबत नाहीत. ते यंत्राच्या आतही शिरतात आणि नवी आज्ञा लिहितात. हा दुसरा प्रकार अधिक सामर्थ्यवान आणि अधिक धोक्याचाही असतो.

आता कन्सोल, म्हणजे केवळ खेळासाठी घडविलेले यंत्र, हे सारे का करू देत नाही? कारण व्यापारी आहे व ते लपविलेलेही नाही. कन्सोलची कंपनी यंत्रावर फारसा नफा मिळवीत नाही. कधी कधी तर ते तोट्यातही विकते. तिची खरी मिळकत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातील वाट्यातून होते. म्हणून तिने मान्यता देऊन शिक्का मारलेली आज्ञावलीच त्या यंत्रावर चालते. या बंदोबस्तामुळे चोरीच्या प्रतींना आणि लबाड खेळाडूंना आळा बसतो, हेही खरेच. परंतु त्याच कुंपणाबाहेर निष्पाप हौशी माणूसही उभा राहतो.

आणि या हौशी माणसाला कमी लेखता येत नाही. कॅनडातील मिन्ह ले या विद्यार्थ्याने जेस क्लिफ यांच्या साह्याने 1999 साली 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून 'काउंटर-स्ट्राइक' घडविला. पुढल्याच वर्षी मूळ कंपनी व्हॉल्व्हने तो स्वतःच्या नावाने विकावयास काढला आणि ले यांना नोकरीवर घेतले. भारतातील सायबर कॅफेंच्या एका संपूर्ण पिढीने शनिवार-रविवारच्या दुपारी याच खेळात घालविल्या. 'वॉरक्राफ्ट 3' मधील एका हौशी नकाशातून 'डोटा' जन्मला. 'आर्मा 2' या झेक लष्करी खेळावर डीन हॉल यांनी 2012 साली 'डे-झी' नावाचा फेरफार केला; त्या फेरफारावर ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थांनी आणखी फेरफार केला; आणि त्याच कल्पनेतून 2017 साली 'पबजी' अवतरला. ज्या खेळापायी भारतातील घराघरांत आईबापांची डोकी दुखली आणि ज्यावर 2020 च्या सप्टेंबरात सरकारला बंदी घालावी लागली, तो वंशपरंपरेने एका फेरफाराचा नातू आहे. ही सर्व अपत्ये संगणकावर जन्मली. कन्सोलवर त्यांतली काही नंतर पोहोचली.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, तर मग प्रश्न मिटला, संगणकच घ्यावा. परंतु बंगळूरच्या सदर पत्रप्पा मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडवर, एकदा चक्कर मारली की प्रश्न इतका सोपा राहत नाही. टाउन हॉलच्या परिसरातल्या या गजबजलेल्या रस्त्यावर संगणकाचे सुटे भाग विकणारी दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. घासाघीस करावी, एका दुकानातून प्रोसेसर, दुसऱ्यातून रॅम घ्यावी आणि ओळखीच्या माणसाकडून जोडून घ्यावे, हा येथला शिरस्ता. नोकरीनिमित्त या शहरात आलेल्या मराठी कुटुंबातील तरुण मुलगा वडिलांना घेऊन येथे येतो, तेव्हा वडिलांपुढे आकड्यांची कागदी पट्टी ठेवली जाते. तिच्यात सर्वांत मोठा आकडा असतो ग्राफिक्स कार्डाचा. हे कार्ड पडद्यावरची चित्रे क्षणोक्षणी रेखाटते, आणि खेळाचा संगणक व साधा संगणक यांतील भेद मुख्यतः तेवढाच असतो.

प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आले, तेव्हा तबकडीच्या यंत्राची किंमत 49,990 रुपये होती. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ती 54,990 झाली. त्याच तोडीचे चित्र दाखविणारा संगणक, पडदा व कळफलक धरून, या रकमेत सहसा बसत नाही. शिवाय सुट्या भागांचे भाव स्थिर नसतात. 2021 साली आभासी चलनाच्या उत्खननापायी ग्राफिक्स कार्डे दुर्मीळ झाली होती. 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चकत्या उचलल्या आणि रॅमचे भाव भडकले. उलट बाजूही पाहिली पाहिजे. कन्सोलवर इतरांशी जोडून खेळावयाचे तर बहुतेक विकतच्या खेळांना सालीना वर्गणी भरावी लागते. संगणकावर तशी सक्ती नाही. प्लेस्टेशन 5 चा नवा मोठा खेळ सुमारे 5,000 रुपयांना पडतो, तर संगणकावरचे खेळ वर्षातून अनेकदा निम्म्या किमतीत मिळतात. वर्षाकाठी पाच-सहा खेळ घेणाऱ्याला यंत्रातील फरक काही काळाने भरून निघतो. वर्षाला एकच खेळ घेणाऱ्याला तो निघत नाही.

पण हा झाला सर्वसाधारण हिशेब. फेरफारांसाठी म्हणून जास्त पैसे टाकावेत काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याच्या उत्तरातली खरी गोम 'क्रिकेट 07' नेच दाखविली आहे. तो खेळ कुठल्याही बेताच्या संगणकावर चालतो. फेरफाराला लागते ते यंत्राचे मोकळे दार. यंत्राची ताकद लागतेच असे नाही. 'माइनक्राफ्ट' ची जावा आवृत्ती घ्या. तिच्यासाठी हजारो फेरफार उपलब्ध आहेत आणि त्यांतले पुष्कळ शाळेच्या अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकावरही चालू शकतात. 2012 साली आलेल्या 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' मध्ये हौशी लोकांनी टाटा व अशोक लेलँडच्या मालमोटारी आणि भारतीय रस्ते आणून सोडले आहेत. इतकेच काय, 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा खेळ तर भ्रमणध्वनीवरचा. त्यातसुद्धा कर्नाटकाच्या व केरळच्या परिवहन मंडळाच्या बसगाड्या आणि आपली लाल एस.टी. धावताना दिसते. तेव्हा जो मुलगा 'फेरफारांसाठी लाखाचा संगणक हवा' म्हणतो, त्याला नेमके कोणते फेरफार हवेत, हे आधी विचारले पाहिजे. पुष्कळदा उत्तर घरात असलेल्या यंत्रातच सापडते.

ताकदीचे यंत्र लागते ते दुसऱ्या जातीच्या फेरफारांना. 2011 चा 'स्कायरिम' हा त्यांचा मेरुमणी. त्यातील डोंगर, पाणी, झाडे, चेहरे इतक्यांनी इतक्या वेळा नव्याने रंगविले आहेत की मूळ खेळ ओळखू येऊ नये. असे दोन-तीनशे फेरफार एकावर एक रचले की चांगल्या कार्डालाही धाप लागते. 2024 च्या जुलैत प्रसिद्ध झालेला 'फॉलआउट: लंडन' हा तर फेरफार कसला, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून रचलेला एक स्वतंत्र खेळच आहे, आणि तो फक्त संगणकावर मिळतो. अशा कृतींवर ज्याचे मन खरोखर जडले आहे, त्याने कन्सोल घेणे म्हणजे पोहण्याची हौस असताना मरुभूमीत घर बांधणे होय.

कन्सोलची दारे अगदीच बंद राहिली आहेत असे मात्र नाही. 2016 साली 'फॉलआउट 4' व 'स्कायरिम' यांचे फेरफार कन्सोलवर प्रथमच मोठ्या प्रमाणात आले. परंतु त्यातही पंक्तिभेद होता: 'स्कायरिम' साठी एक्सबॉक्सवर 5 गिगाबाइट जागा, प्लेस्टेशन 4 वर 1, आणि प्लेस्टेशनवर बाहेरून आणलेले नवे चित्र वा आवाज मुळीच चालेना, खेळात आधी असलेल्या साहित्याचीच उलटापालट करावयाची. 2024 मध्ये 'बाल्डर्स गेट 3' नेही निवडक फेरफार कन्सोलवर आणले. क्रिकेटच्या बाबतीत बिग अँट या मेलबर्नच्या संस्थेने 2014 पासून आपल्या खेळांतच खेळाडू व संघ घडविण्याची सोय ठेवली, आणि एकाने कन्सोलवर घडविलेला संघ दुसऱ्याला उतरवून घेता येतो. ज्याला फक्त खरी नावे व खरे गणवेश हवेत, त्याचे समाधान येथे होऊ शकेल.

फेरफारांचे गोडवे गाणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. ती म्हणजे वेळ. कंपनीने मूळ खेळात सुधारणा केली की त्यावर रचलेले फेरफार कोसळतात. 2021 च्या नोव्हेंबरात 'स्कायरिम' चे आणि 2024 च्या एप्रिलमध्ये 'फॉलआउट 4' चे असेच झाले. मग कोणत्या फेरफाराची कोणाशी तेढ आहे, हे शोधण्यात संध्याकाळ जाते आणि खेळ तसाच राहतो. शिवाय उघड्या दारातून चोरही येतो. 2023 च्या जूनमध्ये 'माइनक्राफ्ट' च्या काही फेरफारांत पासवर्ड चोरणारी आज्ञावली दडविलेली आढळली होती. ज्या संगणकावर घरातील बँकेचे व्यवहार चालतात, त्यावर मुलाने अनोळखी संचिका उतरवाव्यात काय, याचा विचार घरातल्या वडीलधाऱ्यांनी केलेला बरा. कायद्याची बाजूही संदिग्ध आहे. 2017 च्या जूनमध्ये 'जीटीए 5' च्या फेरफारांचे मुख्य हत्यार असलेले 'ओपन-आयव्ही' कंपनीच्या नोटिशीमुळे बंद पडले होते आणि खेळाडूंच्या संतापानंतरच परत आले. रॉकस्टार कंपनीने 2023 मध्ये 'फाइव्ह-एम' हा फेरफार करणाऱ्या मंडळींना सन्मानाने आपल्यात सामावून घेतले. परवानगी आहे की मेहेरबानी, हे हौशी माणसाला शेवटपर्यंत कळत नाही. आणि श्रमाचे दाम? 2015 च्या एप्रिलमध्ये 'स्कायरिम' चे फेरफार विकण्याची योजना निघाली, तीत कर्त्याच्या पदरी विक्रीचा चौथा हिस्सा पडावयाचा होता. चार दिवसांत गदारोळ होऊन योजना मागे घ्यावी लागली.

बंगळूरच्या बाबतीत एक मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. याच शहरात 1997 साली राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था काढली. परदेशी खेळांतल्या मोटारी, इमारती, माणसे तिचे कलावंत येथे बसून घडवीत. 2019 मध्ये रॉकस्टारने ती विकत घेऊन आपल्या बंगळूरच्या शाखेत मिळविली. ज्या कामाचे तेथे वेतन मिळते, तेच काम फेरफार करणारा मुलगा हौसेने करीत असतो: आकृती घडविणे, तिच्यावर रंगाचे कातडे चढविणे, ती यंत्राला पेलेल इतकी हलकी ठेवणे. त्यासाठी लागणारे 'ब्लेंडर' हे साधन विनामूल्य आहे. सगळ्यांनाच नोकऱ्या मिळतील असे नव्हे. पण फेरफार वापरणारा आणि फेरफार करणारा यांत हा मोठा भेद आहे, आणि एस. पी. रोडवर उभ्या असलेल्या बापाने पैसे मोजण्यापूर्वी आपला मुलगा यांपैकी कोण, हे ओळखले पाहिजे. वापरणाऱ्याला आवडणारे दोन-तीन खेळ फेरफारांवाचूनही गोड लागत असतील, तर कन्सोल पुरे. करणाऱ्याला कन्सोल देणे व्यर्थ. परंतु त्यालाही पहिल्याच दिवशी सर्वांत महागडे कार्ड लागत नाही. चांगला प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि पुढे कार्ड बसविता येईल अशी पेटी व वीजपुरवठा एवढे घेऊन त्याने 'क्रिकेट 07' साठी एक गणवेश किंवा 'युरो ट्रक' साठी एक बसगाडी स्वतः पुरी करून दाखवावी. कार्डाची दुकाने त्याच रस्त्यावर सहा महिन्यांनीही असतीलच.