चादरीतल्या छिद्राचा माग

शेततळ्यातले पाणी भराभर उतरू लागले की शेतकरी आधी उन्हाला दोष देतो, मग कागदाला. 500 मायक्रॉनचा तो कागद कुठे फाटला असेल, तर निदान पाणी कमी होताना डोळ्यांना दिसते. घातक कचरा पुरायच्या जागेत तेही सुख नाही. तिथली एचडीपीई या प्लास्टिकची काळी चादर वाळू-खडीच्या थराखाली जाते, त्यावर कित्येक मीटर कचरा चढतो. चादरीला छिद्र असेल तर कचऱ्यातून झिरपणारे गढूळ पाणी, म्हणजे लिचेट, गुपचूप जमिनीत उतरते. ते शेजारच्या विहिरीत उमटेपर्यंत चादरीपाशी पोहोचण्याची सोय उरलेली नसते.

हे छिद्र विजेच्या साहाय्याने हुडकण्याची पद्धत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये विकसित झाली. काम होते अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण खात्याचे. तत्त्व शाळेतल्या विज्ञानाचे आहे. एचडीपीई वीज अडवते. ओली माती आणि पाणी ती वाहू देतात. एक इलेक्ट्रोड चादरीच्या वरच्या मातीत आणि दुसरा बाहेरच्या जमिनीत ठेवून व्होल्टेज लावले, की चादर धड असेल तिथे वीज अडते. छिद्र असेल तर सगळा प्रवाह त्या एवढ्याशा वाटेकडे धाव घेतो आणि त्याच्या भोवतालच्या मातीत व्होल्टेजचा चढउतार तयार होतो.

चादर उघडी असताना काम तुलनेने सोपे. तिच्यावर पाण्याची पातळ धार फिरवायची. पाणी छिद्रातून खाली टेकले की प्रवाह सुरू होतो आणि यंत्र आवाज देते. एक मिलिमीटरचे छिद्रही सापडते. दुसऱ्या एका पद्धतीत पाणी लागत नाही: 6,000 ते 35,000 व्होल्टची कांडी चादरीवरून फिरवतात आणि छिद्रावर ठिणगी उडते.

खरी कसोटी भराव पडल्यावर लागते. दोन इलेक्ट्रोड ठरावीक अंतरावर बसवलेली एक चौकट घेऊन तंत्रज्ञ आखलेल्या ओळींवरून चालतो आणि थोड्या थोड्या अंतरावर ती जमिनीवर टेकवतो. आकडे एरवी साधारण एका पातळीत असतात. छिद्र जवळ येऊ लागले की आकडा चढतो, शिखर गाठतो, झपाट्याने घसरतो, शून्य ओलांडून उलट चिन्हाचा होतो आणि मग पुन्हा मूळ पातळीवर येतो. चिन्ह जिथे पालटले, तिथे खाली खणायचे. साठ सेंटिमीटर मातीखालचे साधारण सहा मिलिमीटरचे छिद्र अशा रीतीने सापडावे, ही या पद्धतीकडून अपेक्षा असते. मोजणीआधी यंत्राची परीक्षाही घेतात: ठरावीक आकाराचे नकली छिद्र मातीत पुरायचे आणि ते आकड्यांत दिसते का, हे पाहायचे.

मोजणीपेक्षा तयारीत जास्त वेळ जातो. वरची माती कडेने बाहेरच्या जमिनीला कुठेही चिकटलेली असेल, तर वीज छिद्र सोडून त्या सोप्या वाटेने निघून जाते. म्हणून भोवताली चादरीची एक पट्टी उघडी आणि कोरडी ठेवावी लागते, डंपरसाठी केलेला रॅम्प तोडावा लागतो. उन्हात वाळू सुकली असेल तर टँकरने पाणी मारल्याशिवाय सुरुवात करण्यात अर्थ नाही. चादरीच्या सुरकुतीखाली हवेची पोकळी राहिली, तर छिद्र असूनही वीज खाली पोहोचत नाही. दुहेरी अस्तरात अडचण आणखी वाढते, कारण दोन चादरींमधली निचऱ्याची जाळीही प्लास्टिकचीच असते. अशा ठिकाणी खालच्या बाजूला वीजवाहक थर असलेली चादर आधीच निवडलेली असेल, तरच पुढे काही मोजता येते. हा निर्णय नकाशाच्या टेबलावर व्हायला हवा.

एवढी खटपट कशासाठी? 10 मिलिमीटरच्या एका छिद्रावर एक मीटर पाणी उभे असेल आणि खाली मोकळी खडी असेल, तर दिवसाला सुमारे 18,000 लिटर पाणी निसटते. खाली घट्ट दाबलेली चिकणमाती चादरीला भिडलेली असेल, तर हाच आकडा कितीतरी पटींनी उतरतो. म्हणून भारताच्या 2000 सालच्या घनकचरा नियमांनी 1.5 मिलिमीटरच्या चादरीखाली 90 सेंटिमीटर चिकणमातीचा थर सांगितला. पण चिकणमाती छिद्र बुजवत नाही, गळती मंद करते.

आणि छिद्रे पडतात कधी? तीनशेहून अधिक ठिकाणांच्या पाहणीवर आधारलेला, 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की सुमारे 73 टक्के नुकसान चादरीवर भराव टाकताना होते. चादर जोडताना होणारे नुकसान त्याच्या तुलनेत बरेच कमी. आपला सगळा भर मात्र जोडांवर असतो. हवेच्या दाबाने आणि निर्वात पेटीने प्रत्येक जोड तपासतात, सह्या होतात आणि त्यानंतर डंपर आणि बुलडोझर खडी पसरायला उतरतात. खडीचा टोकदार दगड किंवा बुलडोझरचे पाते चादरीत घुसले, तर आधीच्या सह्या त्याबद्दल काहीच सांगू शकत नाहीत. माझे ठाम मत आहे की भरावानंतरची वीजमोजणी निविदेतच स्वतंत्र बाब म्हणून हवी आणि तिचा अहवाल आल्याशिवाय कचऱ्याची पहिली गाडी आत येऊ नये.

छिद्र सापडले की तिथली खडी यंत्राने नव्हे, हाताने काढतात, कारण शोधायला गेलेले फावडेच दुसरे छिद्र पाडू शकते. जागा पुसून, सुकवून ठिगळ वितळवून बसवतात. मग तोच परिसर पुन्हा मोजतात. मोठ्या छिद्रातून जाणारा प्रवाह इतका जोरकस असतो की शेजारच्या लहान छिद्राची खूण त्यात हरवते. मोठे बुजल्यानंतरच लहान आकड्यांत उमटते.