रुळांवरचा कॅमेरा : पहिली दहा वर्षं

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात एक रुपयाचं तिकीट काढून जमलेल्या लोकांनी ल्यूमिएर बंधूंच्या सहा छोट्या फिती पाहिल्या. त्यांत एक स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची होती. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा ४३ वर्षं झाली होती. मुंबईकर आगगाडीला सरावलेला होता. पण ती भिंतीवर चालत येताना त्याने कधी पाहिली नव्हती.

या फितीचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते : गाडी अंगावर येतेय असं वाटून पॅरिसचे प्रेक्षक पळत सुटले. त्याला त्या काळचा भक्कम पुरावा नाही. मला या दंतकथेचा राग येतो, कारण तिच्यामुळे आपण फीत नीट पाहतच नाही. जेमतेम ५० सेकंदांचा ऐवज. कॅमेरा फ्रान्समधल्या ला सिओटाच्या फलाटावर, रुळांच्या लगत, तिरका लावलेला. दूरचं इंजिन मोठं होत जातं, चौकटीबाहेर निघून जातं आणि मग डब्यांची दारं उघडतात. गाठोडी सांभाळत माणसं उतरतात, कुणी डबा शोधत चालतं, कुणी कॅमेऱ्यासमोर क्षणभर बावरतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही साधी लगबग जशीच्या तशी आपल्यापर्यंत पोचली आहे.

पुढचं पाऊल पडलं ते कॅमेराच गाडीत चढला तेव्हा. ल्यूमिएरांचा छायाचित्रकार अलेक्सांद्र प्रोमिओ याने जेरुसलेम सोडताना गाडीच्या मागच्या टोकाला कॅमेरा ठेवला. फलाट मागे सरकू लागतो. आधी युरोपीय पोशाखातली माणसं, मग स्थानिक अरब, मग ज्यू. काही जण निरोपाचा हात करतात. आपण प्रवासी होतो आणि ते मागे राहतात. स्टेशनावर कुणाला सोडून निघालेल्या प्रत्येकाला हा क्षण ओळखीचा आहे.

१८९७ मध्ये अमेरिकन म्युटोस्कोप कंपनीने न्यूयॉर्क राज्यातल्या हॅवरस्ट्रॉ बोगद्याकडे धावणाऱ्या इंजिनाच्या पुढ्यातच कॅमेरा बसवला. गाडी दिसत नाही. फक्त रूळ येतात आणि पायाखाली गडप होतात. बोगद्याचं तोंड, काळोख, मग उजेडाचा ठिपका. आपल्या बोरघाटात बोगद्यामागून बोगदा अनुभवलेल्यांना त्यातली उत्कंठा समजावून सांगावी लागणार नाही. अशा फितींना ‘फँटम राइड’, म्हणजे भुताची सवारी, म्हणू लागले. १८९९ मध्ये इंग्लंडमधला चित्रपटकार जी. ए. स्मिथ याने डब्यातल्या जोडप्याच्या चुंबनाचं दृश्य अशा बोगद्याच्या फितीमध्ये जोडण्यासाठी तयार केलं. बाहेरचं दृश्य, आतलं दृश्य, पुन्हा बाहेरचं : चित्रपटाच्या संकलनाचा एक पहिला धडा आगगाडीने दिला.

हौस इथेच थांबली नाही. कॅन्सस सिटीचा माजी अग्निशमन प्रमुख जॉर्ज हेल याने १९०५ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यासारखी चित्रपटगृहं काढली. डबा हिंदकळायचा, गणवेशातला कंडक्टर तिकीट घ्यायचा आणि समोर पडद्यावर दूरदेशीचे रूळ धावायचे. १९०५ मध्येच अमेरिकन छायाचित्रकार बिली बिट्झरने न्यूयॉर्कच्या नव्या भुयारी रेल्वेत चित्रण केलं. काळोखावर उपाय म्हणून शेजारच्या रुळावरून दिव्यांनी भरलेली गाडी सोबत चालवली. एवढा खटाटोप कशासाठी? १४ व्या रस्त्यापासून ४२ व्या रस्त्यापर्यंतचा रोजचा प्रवास दाखवण्यासाठी!

या दहा वर्षांत कॅमेरा चालायला शिकला, आणि त्याला रेल्वेने चालवलं, असं माझं मत आहे.

आता पुन्हा मुंबईत येऊ. वॉटसनमधला खेळ पाहून भारावलेल्या सावेदादा भाटवडेकरांनी परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये कुस्ती आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत त्यांनी चित्रित केलं. त्यांची ती रिळं आज उपलब्ध नाहीत. म्हणून एक विनंती : तुमच्या माळ्यावर आजोबांनी काढलेलं माथेरानच्या गाडीचं किंवा गावाकडच्या स्टेशनाचं एखादं जुनं रीळ असेल, तर रद्दीत टाकू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा. ५० सेकंदांची फीतही पुरेशी असते.