पोलीस ठाण्याची पायरी गरिबाला सोपी व्हावी

जिवावर बेतले तरी आपली माणसे पोलीस ठाण्यात जायला कचरतात. गोंदिया जिल्ह्यात दवनीवाड्याला पोलीस ठाणे आहे. आसपासच्या गावांतून आणि टोल्यांवरून रोवणीला, कापणीला जाणारी मजूरबाई त्या रस्त्याने येते-जाते. परंतु स्वतःचे दुखणे घेऊन ती आत शिरेल काय? घरात मार खाणारी सून, एकटी राहणारी म्हातारी, जादूटोण्याचा आळ आलेली विधवा, वेडाच्या भरात भटकणारा पोरगा, हे सारे ठाण्याच्या दाराशी अडखळतात. आत गेले तर "सोबत पुरुष माणूस कोण आहे?", "गावातच मिटवून घ्या" असे ऐकावे लागेल, ही धास्ती असते. हे कोण्या एका ठाण्याचे गाऱ्हाणे नव्हे. ही भीती का बसली आणि ती कशी जाईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

देसाईगंज ते खैरलांजी

या भीतीला इतिहास आहे आणि तो आपल्याच मुलुखात घडलेला आहे. 1972 च्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी ती ठाण्यात आली होती. आरोप होता तो ठाण्यातल्याच दोन पोलिसांवर. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले; पण 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे तिची संमतीच होती, असा अर्थ लावला गेला. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या. त्यातूनच 1983 साली कायदा बदलला आणि पोलीस कोठडीतील बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला.

दुसरी गोष्ट खैरलांजीची. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले हे गाव. 29 सप्टेंबर 2006 रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. 2017 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. या हत्याकांडाआधी त्याच महिन्यात एका पोलीस पाटलाला मारहाण झाली होती आणि मायलेकींनी त्या प्रकरणात साक्ष दिली होती. ज्यांच्याविरुद्ध साक्ष दिली ती माणसे जामिनावर सुटली आणि त्याच दिवशी हा घात झाला. साक्षीदार त्याच गावात राहतात, आरोपी सुटून त्याच गावात परत येणार आहेत, मग त्या घराला कोणाचे संरक्षण? हा साधा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता तर? पुढे पोलीस निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला, 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, 2010 मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा बदलून 25 वर्षांच्या केल्या. अॅट्रॉसिटीचे कलम मात्र न्यायालयात टिकले नाही. चार जीव गेल्यावर धावलेली यंत्रणा चार तास आधी धावली असती, तर समाजाला मोर्चे काढावे लागले नसते.

पोलिसांच्या मनातला ग्रह ही फक्त आपल्याकडचीच व्याधी नाही. लंडनमध्ये 1993 साली स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा गोऱ्या टोळक्याने खून केला. सोबतच्या काळ्या मित्राला पोलिसांनी साक्षीदारासारखे वागवले नाही. त्याच्याकडेच संशयाने पाहिले. 1999 च्या चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटले की, दोष एकट्या-दुकट्या शिपायाचा नाही, वंशभेद पोलीस दलाच्या रीतीतच मुरला आहे. आपल्याकडे वंशाच्या जागी जात ठेवा, म्हणजे अर्थ उमगेल.

कायद्याने काय दिले आहे

1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्यासाठी आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत 1990 साली स्थान मिळाले, हे विसरू नका. "तुम्ही तर बौद्ध" असे म्हणून कोणी परतवू लागले तर हे सांगा. या कायद्याचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. सवर्ण अधिकाऱ्याने जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केली तर त्यालाही शिक्षा आहे. 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडितांना आणि साक्षीदारांना हक्क दिले. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला आधी कळवायचे, त्याचे म्हणणे ऐकायचे. खैरलांजीच्या वेळी नेमके हेच हवे होते.

1 जुलै 2024 पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू आहेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, खबर कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे. आपल्याकडे सीमा ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो. पोरेबाळे मजुरीला दूरदूर जातात. "हद्द आमची नाही" हे उत्तर आता चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवावे लागते. बायांना, 15 वर्षांखालील मुलांना, 60 वर्षांवरील पुरुषांना, अपंगांना आणि फार आजारी असलेल्यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसाने घरी यायचे. लहान मुलांवरील अत्याचाराच्या प्रकरणात तर जबाब घेणाऱ्याने गणवेशसुद्धा घालायचा नाही. मनोरुग्ण भटकताना सापडला तर 2017 च्या कायद्याप्रमाणे त्याला कोठडीत न टाकता 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे आहे. जादूटोणाविरोधी कायदाही 2013 पासून आहे.

ठाणेदारांनी काय करावे

कायदा चांगला, पण तो ठाण्याच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. पोलिसांवरही कामाचा बोजा आहे, बंदोबस्तात त्यांचे दिवस जातात, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीसुद्धा पुढील गोष्टींना फार पैसा लागत नाही. आलेल्या बाईला आधी खुर्ची आणि पाणी द्यावे, नंतर प्रश्न विचारावेत. बाईचे गाऱ्हाणे महिला पोलिसाने ऐकावे. बीट अंमलदाराने महिन्यातून एकदा एकट्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या, विधवांच्या आणि साक्षीदारांच्या घरी डोकावावे. आरोपी सुटला की त्याच दिवशी फिर्यादीला निरोप द्यावा.

मुंबईत 1984 साली पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलिसांच्या शेजारीच शिकलेली समाजसेविका बसते, बाईचे ऐकते, तिला निवारा, वकील, दवाखाना मिळवून देते. पुढे हे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले. खेड्यातल्या बाईला त्यासाठी जिल्ह्याची वाट धरावी लागू नये. आठवड्यातून एक दिवस अशी समाजसेविका खेड्यातल्या ठाण्यात बसली तरी मोठे काम होईल.

आपण काय करावे

गावोगाव 2007 पासून तंटामुक्तीची मोहीम निघाली. बांधाचा, भाऊबंदकीचा वाद गावात मिटला तर चांगलेच. पण जातीवरून झालेली मारहाण किंवा लेकरावरचा अत्याचार हा तंटा नव्हे, गुन्हा आहे. तो पंचांनी बसून मिटवायचा नसतो. अशा "समझोत्यात" वाकायला लावतात ते नेहमी गरिबालाच.

ठाण्यात एकटे जाऊ नका. महिला मंडळातील दोघींना सोबत न्या. घटना कधी, कुठे, कोणासमोर घडली ते आधी कागदावर लिहून काढा. वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा करू नका. प्रत मागून घ्या. खबर घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा आणि पावती जपून ठेवा. तरीही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तातडीला 112, मुलांसाठी 1098, बायांसाठी 181, म्हाताऱ्यांसाठी 14567 आणि जातीय अत्याचारासाठी 14566 हे क्रमांक विहाराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा एवढे ठरवा की आपल्या वस्तीत एकटे कोण राहते, भीतीत कोण जगते, साक्ष कोणी दिली आहे. त्यांची नावे काढा आणि चार जणांनी मिळून ती ठाणेदारांच्या हाती द्या. मागणारे उभे राहिले तरच देणारे जागे होतात.