दोष आवाजाचा नाही

सिनेमात हे दृश्य ठरलेलं. बर्फाळ डोंगर, जिवाच्या आकांताने मारलेली एक हाक, आणि पुढच्याच क्षणी अख्खा उतार गडगडत खाली. पडद्यावर ते खपून जातं. पण कॅनडात कुठे स्नोमोबाइलस्वार हिमस्खलनात गाडले गेल्याची बातमी आली, की गुलमर्गला भाड्याच्या स्नो बाइकवर एक चक्कर मारून आलेले पर्यटकही छातीठोकपणे निदान करतात : ‘एवढ्या इंजिनांचा आवाज म्हटल्यावर बर्फ सुटणारच!’

सुटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या डावोसच्या हिम संशोधन संस्थेतल्या बेंजामिन रॉयटर आणि युर्ग श्वाइत्सर यांनी २००९ साली याचा रीतसर हिशेब मांडला. ओरडण्याने किंवा मोठ्या गोंगाटाने बर्फावर पडणारा दाब, हिमस्खलन खरोखर घडवणाऱ्या कारणांच्या तुलनेत किमान शंभर पटींनी कमी भरतो. स्फोटकांची गोष्ट निराळी; धोकादायक बर्फ मुद्दाम पाडण्यासाठी ती वापरलीच जातात. आवाज मात्र या यादीतून बाद.

मग बर्फ सुटतो कशाने? वजनाने. थंड, निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात. पुढच्या हिमवर्षावात ते झाकले जातात आणि वर वाऱ्याने घट्ट झालेली बर्फाची लादी बसते. खालचा तो कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला आणि त्यावर गाडी नि स्वार मिळून तीनशे किलोंच्या घरातलं वजन नेमक्या पातळ जागी आलं, की कच्चा थर बसतो. तडा त्या थरातून सरसरत पसरतो आणि लादी बहुधा स्वाराच्या वरच्या अंगाला तुटते. कधी कधी तर पायथ्याच्या सपाटीवर गाडी फिरवल्यानेही वरचा उतार सुटतो.

कच्चा थर बसताना ‘धप्प’ असा दबका आवाज येतो. आवाजाने बर्फ पडतो या समजुतीला कदाचित इथूनच खतपाणी मिळत असेल. पण तो आवाज परिणाम आहे, कारण नव्हे. स्कीवर जाणाऱ्याला ही धोक्याची सूचना ऐकू येते, पायाखाली जाणवतेही. हेल्मेट घालून गाडी दामटणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. इंजिनाच्या आवाजाचा खरा अपराध काढायचाच तर हा एवढाच.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर सोडून देता आला असता. पण त्यामुळे जबाबदारी अलगद हवेत विरते. दोषी कोण, तर आवाज, डोंगर किंवा नशीब. प्रत्यक्षात हिमस्खलनात माणसं सापडतात त्या दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत ते त्या माणसाने किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं, असं उत्तर अमेरिकेतल्या सुरक्षा संस्था वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगताहेत.

ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर १३ मार्च २०१० रोजी काय झालं ते पाहा. हायमार्किंग पाहायला दोनेकशे माणसं जमली होती. हायमार्किंग म्हणजे तीव्र चढावर गाडी जास्तीत जास्त वर नेऊन वळवायची आणि आपली खूण सगळ्यांच्या वर उमटवायची. उतार सुटला तो थेट खालच्या गर्दीवर. दोघे मृत्युमुखी पडले, तिसाहून अधिक जखमी झाले. त्या शनिवार-रविवारसाठी हिमस्खलनाचा विशेष इशारा आधीच दिलेला होता. आता यात आवाजाला कुठल्या तोंडाने दोष द्यायचा? इशारा असताना चढायचं कुणी ठरवलं आणि त्याच उताराखाली बघ्यांनी कशासाठी उभं राहायचं, हे प्रश्न मात्र आवाजापेक्षा अडचणीचे आहेत.

‘बीकन आहे ना, मग कसली भीती?’ हा दुसरा समज. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्याच फर्नीजवळच्या हार्वे पास भागात गेलेल्या, स्पारवुड गावच्या अकरा स्नोमोबाइलस्वारांकडे बीकन होते. पहिल्या हिमस्खलनात सात जण गाडले गेले. उरलेले चौघे मदतीला धावून आले, शोध सुरू झाला आणि दुसऱ्या हिमस्खलनाने सगळ्यांनाच गाठलं. आठ जण गेले. बीकन गाडलेल्या माणसाची जागा दाखवतो. उतार थोपवत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. गाडी वेगवान आहे, निसटता येईल : तुटलेली लादी काही सेकंदांत हमरस्त्यावरच्या गाडीचा वेग गाठते आणि स्वार तिच्या मधोमध असतो. आधीच्या गाड्यांच्या खुणा आहेत, म्हणजे उतार सुरक्षित : दहावी गाडीही कच्च्या जागेवर जाऊ शकते. पाचपैकी तिसरी पातळी म्हणजे मध्यम धोका : अनेक देशांत सर्वाधिक बळी याच पातळीच्या दिवसांत जातात. पाठीवरच्या पिशवीतली एअरबॅग तारेल : पास्कल हेगेली आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात, गंभीररीत्या सापडलेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण फुगलेल्या एअरबॅगमुळे २२ वरून ११ टक्क्यांवर आलं, निम्मं झालं, शून्य नव्हे. हेलिकॉप्टर येईल : येईल, पण जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते आणि तेवढ्यात खणू शकतात ते फक्त सोबतचे.

तेव्हा स्वारांनी निघण्यापूर्वी ‘अव्हलांच कॅनडा’ या संस्थेचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचावा. तो फुकट मिळतो. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची लांब काठी) आणि फावडं गाडीला बांधू नये, अंगावर ठेवावं. गाडी सुटली तर तेही तिच्यासोबत जातं. उतारावर एका वेळी एकानेच जावं, बाकीच्यांनी बर्फाच्या वाटेबाहेर थांबावं. आणि वर कुणाची गाडी रुतली, तर त्याची त्यालाच काढू द्यावी. मदतीला दुसरी गाडी त्याच उतारावर चढवू नये.